शून्याखालचे बोराडे

बोराडे भेटले की आधी तापमान, मग नमस्कार. आपण रस्त्यात हात जोडून उभे असायचो आणि ते शर्टाच्या खिशातून, जिथे इतर माणसं पेन ठेवतात तिथून, पत्र्याच्या नळीतला थर्मामीटर काढून उजेडाकडे धरायचे. डोळे बारीक करून वाचायचे आणि म्हणायचे, "साडेसहा. उतरतंय, वहिनी." नळी परत खिशात जायची, आणि मग हात जोडले जायचे.

मुलांनो, तुम्ही दोघं ऑकलंडला आहात. तुमच्याकडेही थंडी असते, पण तिच्याकडे बोराड्यांच्या नजरेने बघणारं कुणी तुम्हाला भेटलं नसेल. म्हणून हे लिहून ठेवते. तुमच्या आजोबांची नोकरी बॉनला होती तेव्हा आम्ही तिथून तासाभराच्या अंतरावर, आर नदीच्या खोऱ्यात एका लहानशा गावात राहत होतो. गाव खाली नदीकाठी, आणि मागे लगेच डोंगर. डोंगर म्हणजे काळ्या पाटीच्या दगडाचा उभा कडा, त्यात कोरलेल्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर द्राक्षाच्या वेली. आमच्या शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर दत्तात्रय बोराडे भाड्याने राहायचे. मूळचे निफाडकडचे, द्राक्षबागायतदाराच्या घरातले. कोलोनजवळ पंपांच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. वय पन्नाशीपुढचं, लग्न झालेलं नाही. कारण विचारलं तर सांगायचे, "चारदा मुलगी बघायला जायचं ठरलं, चारही वेळा थंडीची लाट आली. बाग सोडून कसं जायचं?"

त्यांना भीती वाटत नसे अशी गोष्ट शोधून सापडली नसती. लिफ्टची भीती, गॅसची भीती, सरकारी कचेरीतून येणाऱ्या पिवळ्या पाकिटाची तर फारच. पाकीट आलं की न फोडता ते आमच्याकडे घेऊन यायचे आणि तुमच्या आजोबांपुढे टेबलावर ठेवून खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे.

"अहो बोराडे, कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा त्याचं पत्रक आहे हे," आजोबा सांगायचे.

"पुरतं वाचा. खाली बारीक अक्षरात असतं. काही खरं नाही."

'काही खरं नाही' हे त्यांचं दुसरं वाक्य. पहिलं 'उतरतंय'. या दोन वाक्यांवर त्यांचं बरंच संभाषण चालायचं, आणि मध्ये मध्ये जर्मन लोकांसारखं 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर'.

त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर जर्मनीचा मोठा नकाशा होता. वाईनचे तेरा प्रदेश तेरा रंगांत. पाहुणे तो बघून खूश व्हायचे, की चला, आता कुठली वाईन चांगली ते कळेल. बोराड्यांच्या लेखी तो नकाशा कुठे काय घाबरायचं याचा होता. मोझेल नदीकाठी उतार इतका उभा, की माणूस कापणी करताना घसरला तर थेट नदीत. बाडेनमध्ये गारा. फ्रांकनमध्ये कडाक्याचा हिवाळा, अख्खं खोड फुटतं. पार पूर्वेला झाक्सेनमध्ये तर वेलींना रजई घालायची पाळी. एकच प्रदेश त्यांना धोक्याचा वाटत नसे, तो म्हणजे फाल्त्स. तिथे ऊन चांगलं, अंजिरंसुद्धा पिकतात. पण फाल्त्सचं नाव काढलं की ते जास्तच अस्वस्थ व्हायचे. "एवढं सुख वेलीला झेपत नाही, वहिनी. गाफील होते ती."

आणि ते स्वतः वाईनला तोंड लावत नसत. गावात वाईनचा उत्सव असला की सगळे पेले उंचावायचे आणि हे द्राक्षाच्या रसाची बाटली घेऊन कोपऱ्यात. मी एकदा म्हटलं, "चव तरी बघा. इतकं सगळं माहीत आहे तुम्हाला." तर म्हणाले, "आवडली तर?"

पण द्राक्षांच्या जातींवर बोलायला लागले की भीती थोडा वेळ बाजूला राहायची. मग ते ओळखीच्या माणसांना जाती वाटून द्यायचे. बॉनच्या गणपतीत हा खेळ फार रंगायचा. जो सोशिक, उशिरा फुलणारा आणि उशिराच गोड होणारा, तो रीसलिंग. मंडळाचे अध्यक्ष श्पेटबुर्गुंडर, "रंग भारदस्त, पण साल पातळ. जरा पाऊस झाला की कुजले." तुमच्या आजोबांना त्यांनी म्युलर-थुर्गाऊ ठरवलं होतं. "लवकर पिकतात, भरपूर येतात, फार ठेवून उपयोग नाही." आजोबा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

"आणि मी?" मी विचारलं होतं.

"तुम्ही सिल्वानर. कुणी नाव घेत नाही, पण जेवणाला लागतेच."

मी त्यांना आणखी दोन पुरणपोळ्या वाढल्या.

आता फ्राऊ क्लाइनबद्दल सांगायला हवं. बोराडे ज्यांच्या घरात राहायचे त्या घरमालकीण बाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या, बुटक्या आणि फटकळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरामागच्या डोंगरावर त्यांची सोळा ओळींची बाग होती, सगळी फ्रूबुर्गुंडर. ही या खोऱ्यातली खास जात. इतर काळी द्राक्षं आंबट असतात तेव्हा ही पिकून तयार, आणि वसंतात डोळेही, म्हणजे नवे कोंबही, आधी फोडते. बोराडे तिला 'आगाऊ पोर' म्हणायचे. बाई बागेत काम करायच्या आणि बोराडे सुट्टीच्या दिवशी त्यांच्यामागे थर्मामीटर घेऊन फिरायचे.

"हेर बोराडे, त्या नळीने वेली बांधल्या जात नाहीत. दोरी धरा."

"फ्राऊ क्लाइन, उतरतंय."

"मे महिना आहे. चढेल."

दोघं एकमेकांना नऊ वर्षं 'हेर' आणि 'फ्राऊ', म्हणजे श्रीयुत आणि श्रीमती, म्हणत आले होते. रविवारी बाई केक करायच्या आणि त्यातला एक तुकडा झाकून जिन्याच्या सातव्या पायरीवर ठेवायच्या. बोराडे बशी धुऊन त्याच पायरीवर परत ठेवायचे. दार कुणीच वाजवायचं नाही.

त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला बाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. पुढे ऑपरेशन होणार होतं, मग काही आठवडे दवाखाना. रुग्णवाहिका दारात उभी असतानाच त्यांचा पुतण्या कोलोनहून आला आणि बागेचे कागद घेऊनच आला. आता झेपत नाही, बाग देऊन टाक, सही कर. बाई म्हणाल्या, यंदाचं पीक येऊ दे. पीक आलं तर आणखी एक वर्ष बघीन. नाही आलं तर सही करीन. हे त्यांनी रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरून, आम्हा सगळ्यांसमोर, गाव ऐकेल इतक्या मोठ्याने सांगितलं. आणि मग बोराड्यांना हाक मारून बागेतल्या खोपटाची किल्ली त्यांच्या हातात दिली. "मी येईपर्यंत तुम्ही."

एवढंच म्हणाल्या. गाडी गेली. बोराडे हात पुढे करून तसेच उभे, जणू तळहातावर किल्ली नाही, निखारा ठेवलाय.

तो एप्रिल फार सुंदर होता. दुपारी लोक कोट काढून नुसत्या शर्टावर बसायचे, आइसक्रीमच्या दुकानापुढे रांग. बेकरीत जो तो म्हणे, काय हवा आहे! बोराडे मात्र दिवसेंदिवस वाळत चालले होते. "वहिनी, डोळे फुटले. पंधरा दिवस आधी फुटले. पोंगे बाहेर आलेत, अगदी कोवळे. आता एक रात्र जरी शून्याखाली गेली तरी काही खरं नाही." जर्मनीत मेच्या मध्यावर पाच दिवस असतात, पाच संतांचे. ते थंडी घेऊन येतात, त्यानंतर धोका टळला असं मानतात. बोराडे एरवी चतुर्थीसुद्धा पाळत नसत, पण या पाच दिवसांत मीठ खायचे नाहीत. आजोबा म्हणाले, "संतांना अजून दहा दिवस आहेत. तोपर्यंत तरी नीट जेवा."

संत थांबले नाहीत. मेच्या पहिल्याच आठवड्यात उत्तरेकडून वारा आला, आकाश काचेसारखं स्वच्छ झालं, आणि टीव्हीवरच्या बाईने हसत हसत सांगितलं की पहाटे जमिनीलगत दहिवर गोठण्याची शक्यता आहे.

पहाटे पावणेपाचला आमचा फोन वाजला.

"वहिनी, उणे एक. मी वर चाललोय. काही झालं तर खोलीची किल्ली पायपुसण्याखाली आहे."

"काही झालं तर म्हणजे?"

फोन बंद झाला होता.

आजोबा उठून कपडे करायला लागले. त्यांना ठाऊक होतं, मला तेव्हा कळलं: चार दिवस बोराडे ओला पेंढा आणि छाटणीच्या काड्या पाठीवरून डोंगरावर नेत होते. निफाडला थंडी पडली की बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या करतात. ओला पालापाचोळा जाळायचा, धूर करायचा. धूर बागेवर पांघरुणासारखा बसतो आणि उन्हं येईपर्यंत पारा धरून ठेवतो. लहानपणापासून त्यांनी थंडीवर हाच एक इलाज पाहिला होता.

आम्ही थर्मासमध्ये चहा भरून निघालो. उजाडायला लागलं होतं, पण नुसतंच करडं. पायऱ्यांवर पांढरी साय धरलेली. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. आणि धूर वर जायचा सोडून आमच्याच अंगावर येत होता. डोंगरावरून पाण्यासारखा खाली वाहत होता. आजोबा दोन पायऱ्या पुढे होते तरी मला दिसेनात. खाली गावात एकेक खिडकी उजळायला लागली, खोकल्याचे आवाज, मग कुत्री, मग अग्निशमन दलाचा भोंगा. मी हाक मारली, "बोराडे!" उत्तर नाही. आणखी एकदा मारली. वरून काहीतरी सुटलं, भिंतीवर आपटलं आणि खाली कुठेतरी जाऊन पडलं. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

मी भिंतीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. तो धोंडा होता की माणूस, हे मला ठरवता येत नव्हतं. आयुष्यात इतकी घाबरले नसेन.

मग अगदी जवळून, धुरातून आवाज आला. "वहिनी, पुढच्या पायरीवर बर्फ आहे. उजवीकडून या."

माकडटोपी, काळं तोंड, हातात दंताळं. एका ढिगाकडून दुसऱ्याकडे ते पळत होते. मला बघून थांबले, खिशातून थर्मामीटर काढला आणि माझ्या हातात दिला. 

"तुम्ही वाचा. मला दिसत नाहीये."

"उणे तीन," मी म्हटलं.

ते पुढच्या ढिगाकडे वळले. 'काही खरं नाही'सुद्धा म्हणाले नाहीत. त्यानेच मला जास्त धडकी भरली.

तेवढ्यात हेल्मेट घातलेले चौघे पायऱ्या चढून आले. पुढे हेर वेबर, म्हणजे आमचे बेकरीवाले. लहान गावात अग्निशमन दल म्हणजे हीच सगळी ओळखीची माणसं. पिठाचा एप्रन कोटाखालून दिसत होता.

"हेर बोराडे! काय पेटलंय?"

"पेटलं काही नाही. गोठतंय."

"अर्धं गाव खोकतंय! माझे पाव धुराचे झाले!"

"अर्धा तास द्या. उन्हं येईपर्यंत. फ्राऊ क्लाइनची बाग आहे."

वेबरनी हेल्मेट वर सरकवलं आणि वेलींकडे पाहिलं. त्यांच्या वडिलांचीही बाग होती. ते हळू बोलले, पण जर्मन माणूस चूक दाखवल्याशिवाय राहत नाही. "धूर इथे थांबत नाहीये, हेर बोराडे. थंड हवा उतारावरून खाली जाते, धुरालाही घेऊन जाते. सगळा गावात उतरला. आणि थंडी साचलीय ती खालच्या ओळींत."

बोराड्यांनी खाली पाहिलं. आपल्या शेकोट्यांचा धूर चर्चच्या मनोऱ्याभोवती बसलेला त्यांना पहिल्यांदाच दिसला.

"आमच्याकडे सपाट असतं," ते म्हणाले. मराठीत, वेबरना.

वेबरना शब्द कळले नसतील. पण त्यांनी आपल्या माणसांना बादल्या आणायला सांगितलं, आणि ती चार माणसं आणि आजोबा वरच्या शेकोट्यांतले निखारे बादल्यांत भरून खालच्या ओळींत नेऊ लागले. बोराडे जळती लाकडं हातानेच उचलत होते. सूर्य कड्यावर आला तेव्हा सगळे जागच्या जागी बसले.  वेबर म्हणाले, "दुकान उघडायचंय," आणि गेले.

दुपारपर्यंत कळलं. वरच्या सात ओळी हिरव्या होत्या. खालच्या नऊ ओळींतले पोंगे आधी काचेसारखे झाले, मग चहाच्या चोथ्यासारखे.

चार वाजता आम्ही दवाखान्यात निघालो. गाडी आजोबा चालवत होते, बोराडे माझ्या शेजारी मागे बसले होते. हातात कागद. बाईंना काय सांगायचं ते जर्मनमध्ये क्रमाने लिहून काढलं होतं. किती वाजता किती तापमान, कुठली ओळ कधी गेली. कागद घामाने ओला झाला होता.

मधेच ते म्हणाले, "वहिनी, मी एकोणीस वर्षांचा होतो."

मी त्यांच्याकडे वळले.

"कॉलेजला सुट्टी होती. नानांना, माझ्या वडिलांना, ताप होता. मला म्हणाले, आज शेकोट्या तू बघ. मी बसलो. ऊब आली ना, झोप लागली. उठलो तेव्हा उन्हं आली होती. अख्खी बाग गेली." मग कागदाची घडी घालत, "नाना रागावले नाहीत. काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. मी इकडे आलो, सुट्टीला जायचो, जेवायला समोरासमोर बसायचो. गेले तोपर्यंत तो विषय निघाला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता ही बाई. ती पण गप्प बसली तर?"

आजोबांनी आरशातून मागे पाहिलं, आणि गाडी जरा हळू केली.

फ्राऊ क्लाइन उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा लहान झालेला, डोळे तसेच. आम्ही आत गेलो. बोराडे पलंगापासून तीन पावलांवर थांबले आणि कागद उघडला.

"तर, फ्राऊ क्लाइन. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी..."

"पडलात का?"

"तापमान..."

"तापमान मला माहीत आहे. मी टीव्ही बघते. सकाळी सहापासून तुमचा फोन लावतेय मी, अकरा वेळा लावला. नर्सने शेवटी फोन काढून घेतला. त्या भिंतीपाशी पायरी सुटी आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. तुम्ही पडलात का?"

"नाही."

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले.

"नऊ ओळी गेल्या," बोराडे म्हणाले. "खालच्या. माझ्या चुकीने. धूर..."

"सात राहिल्या?"

"सात."

"सात ओळी म्हणजे पीकच." त्या माझ्याकडे वळल्या. "माझ्या पुतण्याला कळवा, यंदा कागद घेऊन येऊ नको म्हणावं." मग परत त्यांच्याकडे. "हात दाखवा."

त्यांनी उजवा हात मागे घेतला होता. बाईंनी बोटाने खूण केली, शाळेतल्या बाई करतात तशी. तळवा भाजून लाल झाला होता, दोन ठिकाणी फोड. बाईंनी घंटी वाजवली आणि नर्स आली तेव्हा पेशंट आपण नसून हा आहे, असं तिला बजावलं. नर्सने पट्टी बांधली. तोवर बोराडे खुर्चीच्या कडेवर, पाय जुळवून.

"घाबरला होतात?" बाईंनी विचारलं.

बोराड्यांनी माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत मी त्यांच्या तोंडून हजारदा पारा उतरलेला ऐकला होता. मला भीती वाटते, असं एकदाही नाही.

"हो," ते म्हणाले. "फार."

"मीसुद्धा," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात संध्याकाळचं जेवण आलं. दवाखान्यात ते पाचलाच येतं. पावाचे दोन काप, चीजची चकती, एक काकडीचं लोणचं. फ्राऊ क्लाइननी ट्रे बोराड्यांकडे सरकवला. डाव्या हाताने लोणी लावता येईना, तेव्हा बाईंनी सुरी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः पावाच्या कडेपर्यंत नीट लावून दिलं. बोराडे खायला लागले. पहिला काप संपला तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले, पण ते खात राहिले, आणि बाई दुसऱ्या कापाला लोणी लावत राहिल्या.

मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. आजोबाही येऊन शेजारी उभे राहिले. खाली दवाखान्याचा पार्किंगचा चौक होता, चार गाड्या आणि एक सायकल. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी आम्ही दोघं बराच वेळ तिकडेच बघत होतो.